केवडा पडलेली भेंडी

लढाईच्या दिवसांत ह्यांची बदली किन्हवलीला झाली आणि लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा मी त्यांच्यामागून तिथे गेले. हे शेतकी खात्यात होते. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतली भाजीची शेतं सायकलवरून हिंडून पाहायची, बी द्यायचं, कुठे रोग दिसला तर पुण्याला कळवायचं, असं काम. मी कल्याणला वाढलेली. किन्हवलीत माझ्या ओळखीचं चिटपाखरू नव्हतं. पेट्रोल मिळत नसल्यामुळे सर्व्हिसच्या मोटारीला मागे कोळशाची भट्टी लावलेली असे. चढावर ती अडली की उतारू खाली उतरून ढकलत. तसल्या मोटारीनं माहेरी जायचं म्हणजे आधी मनाची तयारी लागे. त्यामुळे दिवसभर घर आणि संध्याकाळी हे. तिसरं काही नव्हतं.

आणि हे बोलत नसत. रागीट मुळीच नव्हते. जेवताना मी विचारलं तर "आमटी छान झालीय" म्हणत, हात धुऊन पडवीत जाऊन बसत. मला वाटायचं, माणसाचा स्वभावच असा असेल. माघ महिन्यात मला कळलं की तो स्वभाव नव्हता. माझ्याशी बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं, एवढंच.

त्या संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवता टेकवताच त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"अगं, ओढ्यापलीकडे एक बाई आहे. नवरा कसाऱ्याला रेल्वेच्या गँगमध्ये, महिन्याकाठी येतो कधीतरी. ही एकटी भेंडी करते. काय भेंडी आहे! तणाची काडी नाही रानात. आणि त्या हिरव्यागार ओळीत मधेच थोडी झाडं पिवळी. केवडा पडलाय."

"केवडा? म्हणजे वास येतो?" मी विचारलं.

ते मोठ्यांदा हसले. मग ताटावर बसल्या बसल्या त्यांनी मला समजावून सांगितलं. आधी पानाच्या शिरा पिवळ्या होतात, मग पान, मग भेंडीसुद्धा केवड्याच्या पातीसारखी फिकट आणि निबर निघते. तसली भेंडी बाजारात कुणी हातात धरत नाही. खत कमी पडलं तरी पानं पिवळी होतात, पाणी साचलं तरी होतात. हा तसला पिवळेपणा नव्हे, हा रोग आहे. आणि रोग ज्याच्यामुळे होतो ते काही सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. त्याला ते व्हायरस म्हणाले.

"मी तिला हे सांगितलं," ते पुढे म्हणाले, "तर ती म्हणते, दिसत नाय तर मंग हाय कशावरून? काय प्रश्न विचारला बघ! आता ते सिद्ध करून दाखवायचं."

आमटी कशी झाली ते त्या दिवशी मी विचारलं नाही.

त्यानंतर रोज तेच. ती पहाटे ओळीतून कशी फिरते. ती प्रत्येक पान उलटून कसं बघते. तिनं भेंडी इतकी विरळ का लावली आणि ते कसं बरोबर आहे. मी ऐकत होते आणि वाढत होते. मी केलेल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांच्या तोंडून इतके शब्द एका वेळी कधी आले नव्हते. एकदा मी म्हटलं, "अहो, मी मागच्या दारी दुधीचा वेल लावलाय, पाहिलात का?" "हो का?" म्हणाले, आणि परत ओढ्यापलीकडे गेले, म्हणजे बोलण्यात.

एके दिवशी ते डबा विसरले. विसरायला नकोच होतं, कारण त्यामुळे मला निमित्त मिळालं. मी डबा घेऊन निघाले. ओढा ओलांडला, पळसाच्या झाडांतून वर चढले आणि बांधावरून पाहिलं. दोघंही भेंडीच्या ओळीत जमिनीवर उपडी झोपली होती. एकाच पानाखाली दोघांची डोकी. ती हळूच पान वर करत होती आणि हे श्वास धरून खालून बघत होते. ती काहीतरी कुजबुजली. ह्यांनी मान हलवली. पान हललं आणि पांढरी भुकटी उडावी तसं काहीतरी बारीक उडालं. त्याबरोबर दोघंही हसली.

मी डबा बांधावर ठेवला. "अहो, डबा," एवढं म्हटलं. हे उठून उभे राहिले, कपडे मातीनं भरलेले, चेहरा आनंदानं फुललेला. "अगं ये, ये! पांढरी माशी बघ! हीच रोग पसरवत असणार!" ती बाईही उठली. पदर सारखा करत म्हणाली, "वहिनी, उनात कशाला आलात? तोंड बघा कसं लाल झालाय."

माझ्यापेक्षा ती पाचसहा वर्षांनी मोठी असेल. काळीसावळी, उंच, हातात काचेच्या हिरव्या बांगड्या. दिसायला चांगली होती, हे मला तिथल्या तिथे मान्य करावं लागलं. तोंड उन्हानं लाल झालेलं नव्हतं. पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

घरी आल्यावर मी रडले नाही. मी ठरवलं की या दोघांना एकत्र सोडायचंच नाही. मला चौथा महिना लागलेला. दुपारची कामं उरकून मी शेतावर जायला लागले. "मोकळ्या हवेत बरं वाटतं," असं ह्यांना सांगितलं, त्यांना ते पटलं. मी आंब्याखाली बसायची, हातात काहीतरी शिवण. शिवणावर नजर कमी आणि ओळीवर जास्त. ती दोघं कुठल्या झाडापाशी थांबली, किती वेळ थांबली, कोण कुणाला काय म्हणालं. माझ्यासारखी पाळत त्या शेतावर बुजगावण्यानंही ठेवली नसेल.

त्यांचे प्रयोग चालू होते. आधी ह्यांनी केवडा पडलेल्या झाडाखालची माती आणून तीत बी लावलं. झाडं हिरवी आली. म्हणजे दोष मातीचा नाही. मग पिवळ्या पानांचा रस काढून हिरव्या पानांवर कापसानं चोळला. काही झालं नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी ठरवलं की कलम करून पाहायचं. रोगट झाडाचा शेंडा निरोगी झाडाच्या खोडात पाचरीसारखा बसवायचा आणि बांधायचा. रोग रसातून वाहत असेल तर खालच्या झाडालाही लागेल. पण हे शेतात केलं तर रोग कलमानं आला की माशीनं, ते कळणार कसं? म्हणून रॉकेलच्या रिकाम्या डब्यांत भेंडी वाढवून ती आमच्या मागच्या पडवीत ठेवली. भोवती भेंडीचं दुसरं झाड नव्हतं. निम्म्या डब्यांतल्या झाडांना कलम केलं, निम्मी तशीच ठेवली.

पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ह्यांचा प्रयोग माझ्या पडवीत होता, तिच्या रानात नव्हता. मी सकाळी तोंड धुण्याआधी डबे बघायची. तिनं पान उलटायची रीत मी पाहून ठेवली होती, तशीच मीही उलटायची. आधी मला कळलं पाहिजे, तिला नाही, एवढा एकच ध्यास.

आठवडा गेला, दुसरा गेला. ह्यांचा धीर सुटत चालला. "फुकट गेलं," म्हणाले. आणि मग एका सकाळी कलमाखाली फुटलेलं कोवळं पान मी उजेडाकडे धरलं. वरून ते हिरवंच होतं. पण पाठीमागून उजेड आला तशा त्याच्या बारीक शिरा पांढुरक्या, काचेसारख्या दिसायला लागल्या. मी बाकीच्या डब्यांतली पानं धरून पाहिली. कलम न केलेल्यांच्या शिरा नेहमीसारख्या. कलम केलेल्या आणखी दोन झाडांत तीच जाळी.

"अहो!" मी ओरडले. हे दाढी अर्धी टाकून आले. पान बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत पान बघितलं. "कुणी पाहिलं हे?"

"मी. दुसरं कोण आहे इथं?"

"अगं, हीच पहिली खूण! याच्यापुढे पिवळं पडणार. लागला रोग! कलमानं लागला!" त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. त्यांनी तोंडावरचा साबण पुसला, सायकल काढली आणि म्हणाले, "तिला सांगून येतो!"

मी पडवीत उभी. पान माझ्या हातात. शोध मी लावला होता आणि ह्यांना मात्र आधी तिला बातमी द्यायची होती. त्या दिवशी मी चूल पेटवलीच नाही. ते परत आले तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. "बरं नाही का?" त्यांनी विचारलं. "बाळ जड झालंय," मी म्हटलं. त्यांनी स्वतः पिठलं केलं. खारट केलं होतं. मी ते तसंच खाल्लं.

आता ह्यांना माशीचं सिद्ध करायचं होतं. नवं बी टोकायचं, उगवलेल्या रोपांवर बारीक कापडाचे पिंजरे घालायचे. काही पिंजरे नुसते. काहींत रोगट झाडावरच्या माश्या आणून सोडायच्या. काही रोपं उघडीच ठेवायची. कापड इतकं तलम हवं की उजेड जाईल पण माशी जाणार नाही. आणि कापड कुठे मिळणार? धोतरजोडीसाठी रेशनच्या दुकानापुढे माणसं उभी राहत होती. पुण्याला विचारलं, तिथूनही नाही म्हणून आलं.

माझ्या पेटीत मलमल होती. आईनं कल्याणहून खटपटीनं मिळवून पाठवलेली, बाळाची झबली आणि कुंची शिवायला. ह्यांना ती ठाऊक होती. दोन दिवस ते पेटीच्या आसपास घुटमळले, मग एकदाचं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"परत देईन. लढाई संपली की—"

"लढाई संपेपर्यंत मूल उघडं ठेवू? तिच्या भेंडीला झबली शिवून घालू आणि माझ्या बाळाला काय गोणपाट?"

हे पडवीत निघून गेले. मी 'तिच्या' म्हटलं ते त्यांच्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः घरी आली. हे मुरबाडला गेलेले. ती पायरीवर उभी राहिली, आत येईना.

"वहिनी, मी आत येऊ का?"

"ये की. विचारतेस काय?"

"गावात मला पायरी कुणी चढू देत नाय. तुमी बाहेरच्या, तुमाला म्हायती नसेल म्हणून विचारलं."

मी पाट दिला. ती टेकली, आणि सांगायला लागली. लग्नाला दहाएक वर्षं होऊन मूल नव्हतं. आधी बायका हळदीकुंकवाला बोलवेनाशा झाल्या. मग तिच्या भेंडीवर केवडा पडला. मागच्या वर्षी शेजारच्या मळ्यातल्या म्हाताऱ्याच्याही भेंडीवर पडला, आणि त्यानं चारचौघांत सांगितलं की हिची नजर लागली, हिचा हातच जळका. तेव्हापासून तिला कुणी आपल्या शेतात पाऊल टाकू देत नव्हतं. लावणीला बोलावत नव्हतं.

"साहेब म्हनले, रोग हाय, माशीनं येतो. त्यांच्या त्या एका बोलण्यावर मी जगतेय बगा. पन बोलण्यावर गाव कशाला ऐकल? गावाला डोल्यांनी दिसाया पायजे." मग माझ्या पोटाकडे बघून तिनं नजर खाली घेतली. "तुमी रोज आंब्याखाली बसता. खोटं नाय बोलत वहिनी, मला तुमचा लई हेवा वाटतो. म्हनून मी तुमच्याकडं बघत नाय. नजर लागल म्हनून. तुमाला वाटलं असल, काय गर्विष्ठ बाय हाय."

ती माझ्याकडे बघत नाही हे मी पाहिलं होतं, आणि त्याचा अर्थ माझ्या पद्धतीनं लावला होता. मी उठले आणि पेटी उघडली. माझं मन एकदम स्वच्छ झालं असं मी म्हणणार नाही. मलमल कापताना मला रागच येत होता. पण मी निम्मी मलमल कापली. पिंजरे आम्ही दोघींनी बसून शिवले. तिचे टाके माझ्यापेक्षा बारीक पडत होते. तेही मला खुपलं.

पाडव्याच्या सुमारास तिच्या रानात रोपं पिंजऱ्यात गेली. उन्हं तापली तशी उघड्यावरची झाडं पिवळी पडायला लागली. नुसत्या पिंजऱ्यांतली हिरवीच राहिली. ज्या पिंजऱ्यांत माश्या सोडल्या होत्या त्यांतल्या झाडांची कोवळी पानं मी उजेडाकडे धरली, शिरांची जाळी दिसली, आणि पुढच्या काही दिवसांत केवडा पडला. ह्यांनी गावाला बोलावलं. बायका आल्या, पुरुष आले. शेजारचा म्हातारा सगळ्यांच्या मागे काठीवर हनुवटी ठेवून उभा होता.

हे त्या बाईकडे बोट दाखवून म्हणाले, "या सगळ्या झाडांना पाणी हिनंच घातलं. सगळ्यांना हात हिचाच लागला. मग ही हिरवी कशी आणि ती पिवळी कशी?"

म्हातारा पुढे आला. त्यानं पिंजऱ्याला बोट लावून पाहिलं, आत वाकून पाहिलं. "म्हंजी ह्या धुरल्यासारख्या माशीनं?" त्यानं विचारलं.

"हो. पहिलं पिवळं झाड दिसलं की उपटून जाळायचं. वाट बघत बसलात की ती माशी त्याच्यावरून शेजारच्या झाडावर बसणार."

"भेंडी लागलेली झाडं उपटायची?" म्हातारा पुटपुटला आणि निघून गेला. ती बाई खाली मान घालून उभी होती. तिचे खांदे हलत होते. बायकांपैकी एकजण तिच्याजवळ गेली.

महिनाभरात पुण्याहून एक अधिकारी आले. हे आणि ते कॉलेजात एका वर्गात होते. पिंजरे पाहून त्यांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. "उत्तम केलंस रे! आमच्याकडेही याच दिशेनं चाललंय. आमचं काचघर झालं ना आता, झरोक्यांना जाळी लावलेलं. तिथे आम्ही शेकडो झाडं घेतो. तुझं हे आमच्या कामाला पुष्टी देणारं आहे." चांगला माणूस होता. जेवला, माझ्या स्वयंपाकाची तोंडभर स्तुती केली, मोटार गाठून गेला.

हे त्या संध्याकाळी जेवले नाहीत. पडवीत डब्यांपाशी बसून राहिले. मी शेजारी जाऊन बसले.

"पुष्टी देणारं," ते म्हणाले. "मी या रानात उपडा झोपून माश्या मोजतोय, आणि तो काचघरात बसून... त्याला नेमलं, मला नाही. आम्ही एकाच बाकावर बसायचो."

"मला माहीत आहे कसं वाटतं ते," मी म्हटलं.

"तुला? तुला कुणाचा हेवा वाटायचा?"

"तिचा."

त्यांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ते हसले, आणि मी हसत नाही हे पाहून थांबले. मी सगळं सांगितलं. एका पानाखालची दोन डोकी. शिरा मी पाहिल्या आणि सांगायला ते तिच्याकडे धावले. खारट पिठलं. त्यांनी समोरच्या डब्यातलं एक पान उगाच उलटून पाहिलं.

"मला सुचलंच नाही," शेवटी म्हणाले. "तू घरातच होतीस ना. तुला सांगायचं राहिलं असं कधी वाटलंच नाही."

हे उत्तर चांगलं होतं की वाईट, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. पण त्या दिवसानंतर ते बोलायला लागले. दुधीच्या वेलाबद्दलसुद्धा.

पावसाळ्यात मी कल्याणला बाळंत झाले, मुलगी झाली. भातं कापून झाल्यावर तिला घेऊन परत आले. भेंडी टोकायची वेळ आली तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांनी ह्यांचं ऐकलं, निम्म्यांनी नाही. केवडा काही गेला नाही, पण जिथे पहिली झाडं वेळेवर उपटली तिथे तो पुष्कळ उशिरा पडला. तिची भेंडी त्या वर्षी बरेच दिवस हिरवी राहिली आणि बैलगाडीनं मुरबाडच्या बाजारात गेली.

आणि त्याच मोसमात एका सकाळी म्हातारा आमच्या दारात आला. काठी चौकटीला टेकवली. मग ह्यांना म्हणाला, "तिला सांगा, आमच्याकडं बी टोकायला ये म्हनावं."

"तुम्हीच सांगा की," हे म्हणाले.

म्हाताऱ्यानं स्वतः जाऊन सांगितलं. मी मुलीला घेऊन बांधावर गेले. आधी त्या बाईनं लांबूनच मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं बियांचा पदर कमरेला खोचून मुलीला उचललं, कमरेवर घेतलं आणि तशीच म्हाताऱ्याच्या रानात उतरली. एका हातानं पोरगी धरलेली, दुसऱ्या हातानं बी टोकत पुढे चालली. माझी मुलगी परक्याकडे एक क्षण राहत नसे. तिच्याकडे मात्र गप्प राहिली. ओळ संपली तशी ती परत आली. मी हात पुढे केले. पोरीनं माझ्याकडे पाहिलं, हसली, आणि तिच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"बघा गो, येत नाय!" ती बाई म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की बघवेना.

"असू दे," मी म्हटलं. "आणखी एक ओळ टोकून ये."

ती गेली, आणि मी रिकामे हात मांडीवर ठेवून बांधावर बसून राहिले.